पिंपातला फेस का थांबतो?

डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशकाकडे घरोघरी ऐकू येणारी एक तक्रार म्हणजे 'इडलीचे पीठ फुगलेच नाही'. त्यावरचे उपायही घरोघरी ठाऊक असतात. पातेले शेगडीजवळ ठेवावे, जाड पंचात गुंडाळावे, पीठ कोमट पाण्यात कालवावे, आणि तरीही जमले नाही तर आधीच्या पिठातले दोन चमचे विरजणासारखे घालावेत. हे सगळे उपाय बरोबर आहेत. पण ते बरोबर का आहेत, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने विचारला तर उत्तर तितकेसे सोपे नाही. उबेने नेमके कोणाला बरे वाटते? दोन चमच्यांऐवजी एक थेंब घातला तर चालेल का?

युरोपात बिअर करणाऱ्या लोकांपुढे हाच प्रश्न शतकानुशतके उभा होता. तिथे मात्र प्रश्न सकाळच्या नाश्त्याचा नसून धंद्याचा होता. भले मोठे पिंप भरून ठेवावे, दोन दिवस वर फेस यावा आणि तिसऱ्या दिवशी तो अचानक बसावा. चव घेतली तर पाणी गोडच, मद्यार्क निम्मासुद्धा नाही. आठवडाभरात ते आंबूस होऊन ओतून द्यायची वेळ. 'मद्यार्क कमी का भरला?' आणि 'आंबणे मध्येच का अडले?' या दोन तक्रारींचा पाठपुरावा करताना जीवरसायनशास्त्राचा बराच मोठा भाग उभा राहिला. त्याची ही गोष्ट.

साखर तयार झाली, की खाल्ली गेली?

आधी थोडी कृती समजून घेऊ. बार्लीच्या दाण्यांना पाण्यात भिजवून मोड आणतात, मग ते वाळवतात. यालाच माल्ट म्हणतात. माल्ट भरडून गरम पाण्यात काही वेळ ठेवला की दाण्यातल्या पिठूळ स्टार्चची साखर होते आणि गोड पाणी मिळते. ते गाळून, हॉप नावाच्या वेलीची कडसर फुले घालून उकळतात, थंड करतात आणि त्यात यीस्ट घालतात. यीस्ट ही साखर खाऊन मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार करते.

म्हणजे मद्यार्क कमी भरला तर चूक दोन ठिकाणी असू शकते. एक तर मुळात साखरच कमी तयार झाली, किंवा साखर होती पण यीस्टने ती खाल्ली नाही. आज हे वाचायला अगदी साधे वाटते. परंतु गोडी मोजण्याचे साधन नव्हते तोवर या दोन चुका एकमेकींपासून वेगळ्या काढणे केवळ जिभेच्या भरवशावर होते.

साखर विरघळली की पाणी जड होते. दूधवाल्याकडचा लॅक्टोमीटर ज्या तत्त्वावर तरंगतो त्याच तत्त्वावर तरंगणारा काटा, म्हणजे हायड्रोमीटर, गोड पाण्यात सोडला तर तो पाणी किती गोड आहे ते सांगतो. इंग्लंडमधल्या जॉन रिचर्डसनने १७८४ साली या काट्याने केलेल्या मोजमापांवर पुस्तक लिहिले. त्याआधी १७६२ साली मायकेल कॉम्ब्रून याने बिअर करताना तापमापी कशी वापरावी याबद्दल लिहिले होते. हाताला सोसेल इतके गरम, किंवा वाफ निवून पाण्यात आपला चेहरा दिसू लागेल तोवर थांबा, अशा खुणांच्या जागी आता आकडे आले.

आकड्यांनी पहिला धक्का लवकरच दिला. लंडनमध्ये पोर्टर नावाची काळपट बिअर फार खपत असे. ती तपकिरी, जोरदार आचेवर वाळवलेल्या माल्टपासून करत. हा माल्ट स्वस्त पडतो असा सर्वांचा समज होता. काट्याने मोजल्यावर दिसले की तेवढ्याच मापाच्या फिकट माल्टमधून बरीच जास्त गोडी उतरते. म्हणजे पोत्याच्या भावाने स्वस्त असलेला माल्ट गोडीच्या हिशेबाने महाग होता! कारखानदार फिकट माल्टकडे वळले. मग बिअरचा काळा रंग कसा आणायचा, ही नवी अडचण उभी राहिली. जळकी साखर वगैरे रंग घालण्यावर १८१६ साली कायद्याने बंदी आली. १८१७ साली डॅनियल व्हीलर याने कॉफीच्या बियांसारखा माल्ट भाजायच्या यंत्राचे पेटंट घेतले. गोडी फिकट माल्टकडून आणि रंग चिमूटभर काळ्या माल्टकडून, अशी वाटणी झाली.

फार आचेवर वाळवलेला माल्ट कमी का पडतो, याचा उलगडा १८३३ साली फ्रान्समध्ये सुरू झाला. पेयाँ आणि पेर्सो या दोघांनी माल्टच्या पाण्यात मद्यार्क मिसळून एक पांढरा साका वेगळा काढला. त्याचा थोडासा अंश पुष्कळशा स्टार्चची साखर करून टाकत असे. उकळल्यावर मात्र त्याची शक्ती नाहीशी होई. त्यांनी त्याला 'डायस्टेज' असे नाव दिले. वेगळा काढला गेलेला हा पहिला विकर. आज आपल्याला माहीत आहे की माल्टमध्ये असे एकाहून अधिक विकर असतात. साधारण ६५ अंश सेल्सियसच्या आसपास त्यांचे एकत्रित काम चांगले होते. तापमान ७० च्या वर गेले की स्टार्चचे लहान साखरेपर्यंत तुकडे करणारा विकर आधी निकामी होतो; मोठे तुकडे करणारा थोडा जास्त टिकतो. हे मोठे तुकडे पाण्यात विरघळतात, काट्याला जड करतात, पण यीस्टला खाता येत नाहीत.

इथे एक गंमत लक्षात घ्यावी. समजा सुरुवातीला एक लिटर गोड पाण्याचे वजन १०५० ग्रॅम आहे आणि आंबणे संपल्यावर ते १०१० वर आले, तर मद्यार्क घनफळाने सुमारे ५ टक्के भरतो. काटा १०३० वरच थांबला तर अडीच टक्क्यांच्या आसपास. बिअर करणारा म्हणतो, 'आंबणे अडले'. पण कदाचित ते अडलेले नसतेच. यीस्टने खाण्याजोगे सगळे खाल्लेले असते. उरलेले तिच्या खाण्यातलेच नसते. चूक पिंपात नव्हे, चार दिवस आधी गरम पाण्याच्या भांड्यात झालेली असते.

फेस करते कोण?

आता दुसरी शक्यता. साखर आहे, पण खाल्ली जात नाही. यासाठी आधी 'खाणारे' कोणीतरी आहे हे मान्य व्हायला हवे होते, आणि त्यालाच फार वेळ लागला.

लेव्हेनहूकने १६८० साली आपल्या भिंगाखाली बिअर पाहिली होती आणि तिच्यातल्या बारीक गोळ्यांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले होते. ते गोळे जिवंत असतील असे त्याला वाटले नाही. १७८९ साली लाव्हॉझिएने साखर आंबवून आत गेलेले आणि बाहेर आलेले सगळे तोलून पाहिले. साखरेचे मद्यार्क आणि वायू असे दोन भाग होतात, हे त्याने ताजव्याने दाखवले. आजच्या समीकरणाने १०० ग्रॅम ग्लुकोजपासून ५१ ग्रॅम मद्यार्क आणि ४९ ग्रॅम वायू मिळायला हवा. लाव्हॉझिएच्या प्रयोगात यीस्ट होती. पण समीकरणात तिला जागा नव्हती.

१८३७ च्या सुमारास तिघांनी स्वतंत्रपणे सांगितले की यीस्ट सजीव आहे. फ्रान्समध्ये कान्यार-लातूर आणि जर्मनीत श्वान व क्युट्झिंग. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना गोळ्यांना अंकुर फुटताना दिसले. रसायनशास्त्रज्ञांना हे मुळीच रुचले नाही. युस्टुस फॉन लीबिग हा त्या काळचा सर्वांत दबदब्याचा रसायनशास्त्रज्ञ. त्याच्या नियतकालिकात १८३९ साली निनावी विडंबन छापून आले. त्यात सूक्ष्मदर्शकाखाली बारीक प्राणी साखर खाताना आणि शरीराच्या एका बाजूने मद्यार्क, दुसऱ्या बाजूने वायू सोडताना दाखवले होते. लीबिगचे म्हणणे असे होते की यीस्ट हा कुजणारा नत्रयुक्त पदार्थ आहे. त्याच्या कुजण्यातली हालचाल साखरेच्या कणांना लागते आणि ते फुटतात. जगणे नव्हे, कुजणे हे आंबण्याचे कारण.

लीलचा कारखाना

१८५४ साली बत्तिशीच्या आत असलेला लुई पाश्चर उत्तर फ्रान्समधल्या लील येथे नव्या विज्ञान शाखेचा प्रमुख म्हणून आला. १८५६ च्या उन्हाळ्यात बिगो नावाचा कारखानदार त्याच्याकडे तक्रार घेऊन आला. त्याचा मुलगा पाश्चरचा विद्यार्थी होता. बिगो बीटच्या रसापासून मद्यार्क करत असे. काही पिंपे बिघडत होती. मद्यार्क कमी आणि आंबटपणा जास्त.

पाश्चर कारखान्यात वारंवार जाऊ लागला. चांगल्या पिंपातला थेंब आणि बिघडलेल्या पिंपातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी पाहू लागला. बिगोच्या मुलाने पुढे लिहून ठेवले की आंबणे निरोगी असताना गोळे गोल दिसत, बिघडू लागले की लांबट आणि लॅक्टिक आम्ल तयार होऊ लागले की अगदी लांब. आज आपण म्हणू की लांबट दिसणारे ते मुळात यीस्ट नव्हतेच, ते जीवाणू होते. पाश्चरही त्याच निष्कर्षाकडे चालला होता. ऑगस्ट १८५७ मध्ये लीलच्या विद्वत्सभेपुढे त्याने लॅक्टिक आंबण्यावरचा निबंध वाचला. प्रत्येक आंबण्याला आपला वेगळा सजीव असतो, हा त्याचा गाभा. पिंपात बीटच्या साखरेवर एकाऐवजी दोन खाणारे बसले होते, आणि दुसरा साखरेपासून मद्यार्काऐवजी आम्ल करत होता.

याच सवयीचा पुढचा प्रसंग १८७१ चा. पाश्चर लंडनमधल्या व्हिटब्रेड या मोठ्या ब्रुअरीत गेला. त्याने यीस्टचा थेंब मागून घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि तिथल्या लोकांना सांगितले की तुमच्या यीस्टमध्ये दुसरे जीव मिसळलेले आहेत. आठवडाभराच्या आत तो परत गेला तेव्हा कारखान्याने स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतलेला होता!

एकाकडे चालतो, दुसऱ्याकडे नाही

आता या गोष्टीतला सर्वांत अवघड प्रसंग. लीबिगचे मत खोडून काढायचे तर यीस्टजवळ कुजण्याजोगा नत्रयुक्त पदार्थ ठेवायचाच नाही, असा प्रयोग हवा होता. पाश्चरने तो केला आणि १८६० सालच्या मोठ्या निबंधात मांडला. शुद्ध पाण्यात साखर, नत्रासाठी अमोनियाचा एक क्षार आणि खनिजांसाठी यीस्ट जाळून केलेली राख, एवढेच घेतले. त्यात टाचणीच्या डोक्याएवढी ताजी यीस्ट टाकली. यीस्ट वाढली, साखर आंबली. कुजायला काही नव्हते; तरी आंबणे झाले, कारण यीस्ट जगत होती. याच निबंधात त्याने दाखवले की साखरेचा सुमारे ५ टक्के भाग लाव्हॉझिएच्या हिशेबात बसत नाही. त्याचे ग्लिसरीन व सक्सिनिक आम्ल होते आणि काही भागातून यीस्टचे स्वतःचे शरीर घडते. खाणारा आपल्यासाठी काही ठेवून घेतोच.

लीबिगने उत्तर दिले ते १८६९-७० मध्ये. यीस्ट सजीव आहे इथपर्यंत तो आता आला होता. पण पाश्चरचा प्रयोग आपण करून पाहिला आणि तो जमत नाही, असे त्याने लिहिले. त्या द्रावणात यीस्ट नीट वाढतच नाही.

जरा विचार करा. दोघेही पहिल्या दर्जाचे प्रयोगकर्ते. कृती तीच, साहित्य तेच. एकाच्या चंबूत फेस येतो, दुसऱ्याच्या येत नाही. वाचकाने काय समजावे? १८७० च्या जुलैमध्ये पाश्चर म्युनिकला जाऊन लीबिगला भेटला. लीबिगने आदराने स्वागत केले, पण प्रकृतीचे कारण सांगून चर्चा टाळली. त्यानंतर लगेच फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. १८७१ साली पाश्चरने जाहीर आव्हान दिले: विज्ञान अकादमीची समिती नेमा, तिच्यासमोर मी याच द्रावणात हवी तेवढी यीस्ट वाढवून दाखवतो. लीबिगने ते स्वीकारले नाही. १८७३ साली तो वारला. पाश्चर जिंकला असे सर्वांनी धरले आणि लीबिगच्या न आलेल्या फेसाची गोष्ट मागे पडली.

पुढे बेल्जियममध्ये लूव्हँ येथे युजेन वील्डिएर्स या तरुणाने हा प्रश्न पुन्हा उचलला. १९०१ साली त्याने आपले उत्तर छापले. त्याने विचारलेला प्रश्न इतका साधा होता की आपल्या स्वयंपाकघरात तो सहज विचारला गेला असता: विरजण किती घातले?

साखर, अमोनियाचा क्षार आणि खनिजे यांच्या द्रावणात त्याने अगदी थोडी यीस्ट टाकली. काहीच झाले नाही. जास्त टाकली, तर आंबणे सुरू झाले. मग थोड्या यीस्टच्याच चंबूत त्याने यीस्ट उकळून काढलेल्या पाण्याचे काही थेंब घातले. ती वाढू लागली! उकळलेल्या पाण्यात जिवंत काही नव्हते. यीस्टची राख घालून हे साधत नव्हते, म्हणजे तो पदार्थ खनिजही नव्हता. यीस्टला साखर, नत्र आणि क्षार यांखेरीज आणखी काहीतरी अत्यंत थोडे लागते, आणि मोठ्या विरजणात ते जुन्या पेशींबरोबर आपोआप येते. त्याने या अनोळखी पदार्थाला 'बायॉस' म्हटले.

म्हणजे पाश्चर आणि लीबिग, दोघांनीही डोळ्यांना दिसले तेच लिहिले होते. टाचणीच्या डोक्याएवढ्या यीस्टमध्येसुद्धा लाखो पेशी असतात. त्यांतल्या मेलेल्या पेशी उरलेल्यांना पुरवठा करतात. त्याहून कमी विरजण पडले की पुरवठा तुटतो.

बायॉस म्हणजे काय, हे शोधायला आणखी तीन-चार दशके गेली, कारण तो एक पदार्थ नव्हता. १९२८ साली त्याचा एक भाग इनॉसिटॉल असल्याचे कळले. १९३३ साली पँटोथेनिक आम्ल सापडले. १९३६ साली क्योगल आणि टोनिस यांनी वाळवलेल्या अंड्यांच्या सुमारे २५० किलो बलकातून जेमतेम १.१ मिलिग्रॅम बायोटिन वेगळे केले. आठवी-नववीत आपण 'ब' गटातल्या जीवनसत्त्वांची यादी पाठ करून घेतो. त्यांतली दोन नावे अडलेल्या चंबूच्या चौकशीतून आलेली आहेत.

हवा नको, पण हवी

पाश्चरने आणखी एक गोष्ट सांगितली होती. आंबणे म्हणजे हवेवाचून जगणे. १८६१ साली त्याने दाखवले की हवा मिळाली तर यीस्ट भरभर वाढते, पण वाढीच्या मानाने साखर थोडी खर्चते. हवा नसली तर थोड्या वाढीसाठी पुष्कळ साखर आंबवते. यावरून पिंप पहिल्या क्षणापासून हवाबंद ठेवणे उत्तम, असे कोणालाही वाटेल. आणि नेमके इथे पिंप अडते. गोड पाणी उकळताना त्यातली विरघळलेली हवा निघून जाते. थंड झाल्यावर ते न ढवळता, न घुसळता बंद केले तर फेस लवकर बसतो.

याचे कारण १९५३-५४ मध्ये आंद्रेआसेन आणि स्टायर यांच्या प्रयोगांनी स्पष्ट झाले. यीस्टच्या पेशीच्या आवरणाला अर्गोस्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्ले लागतात. ती घडवायला थोडा तरी प्राणवायू हवाच. प्राणवायू मुळीच नसेल तर जवळ असलेला साठा प्रत्येक अंकुरागणिक वाटला जातो. दोन-चार पिढ्यांत तो इतका पातळ होतो की आवरण दुबळे पडते. बाहेर मद्यार्क वाढत असतो आणि दुबळ्या आवरणाला तो सोसत नाही. साखर समोर असूनही पेशी थांबते. म्हणून आजही गोड पाणी थंड झाल्यावर, यीस्ट टाकतानाच त्यात हवा किंवा प्राणवायू सोडतात. नंतर मात्र हवा लागू देत नाहीत, कारण मग ती चव बिघडवते.

रसातला फेस आणि कोपनहेगनची प्रयोगशाळा

लीबिगच्या पदरातही अखेरीस काही पडलेच. १८९७ साली एडुआर्ड बुखनर याने यीस्ट वाळूबरोबर घोटून तिचा रस पिळून काढला. तो टिकावा म्हणून मुरांब्यासारखी त्यात साखर घातली, तर रसालाच बुडबुडे येऊ लागले. जिवंत पेशी नव्हती. तरी आंबणे होते. पेशीतले विकर हे काम करत होते. या शोधाला १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे लंडनमध्ये हार्डन आणि यंग यांनी पाहिले की हा फेस थोड्या वेळाने मंदावतो, आणि फॉस्फेट घातले की पुन्हा उसळतो. फॉस्फेट साखरेला जोडले जाते, हे त्यातून समोर आले. आपल्या स्नायूंतही साखर जवळजवळ याच वाटेने फुटते. म्हणजे पिंप अडते का, हे शोधता शोधता माणूस धावताना काय होते, इथवर वाट येऊन पोचली.

इकडे कोपनहेगनमध्ये कार्ल्सबर्ग ब्रुअरीचा मालक जे. सी. याकोबसेन याने १८७५ साली प्रयोगशाळा काढली. तिथे लागलेला कोणताही शोध गुप्त ठेवायचा नाही, असा नियमच त्याने घालून दिला. एमिल क्रिस्तियान हान्सेन हा तिथला शास्त्रज्ञ तरुणपणी घरांना रंग देण्याचे काम करत असे. १८८३ साली कार्ल्सबर्गची बिअर बिघडू लागली. पाश्चरच्या शिकवणीप्रमाणे दोष जीवाणूंचा असायला हवा होता. हान्सेनने दाखवले की दोषी यीस्टच आहे, पण ती दुसऱ्या जातीची, रानटी. त्याने यीस्टचे पाणी इतके पातळ केले की थेंबात एकच पेशी यावी. त्या एका पेशीपासून त्याने शुद्ध वाण वाढवला. नोव्हेंबर १८८३ मध्ये त्या वाणाने बिअर घातली गेली. याकोबसेनने तो वाण इतर कारखान्यांनाही देऊन टाकला. शास्त्राच्या बाजारातही बियाणे वाटणारा शेतकरी असतो तो असा.

याच प्रयोगशाळेत १८८३ साली केल्डालने धान्यातले नत्र मोजण्याची रीत बसवली. १९०९ साली सोरेन्सनने आम्लता मोजण्यासाठी 'पीएच' ही संकल्पना मांडली. वर्गात लिटमसनंतर आपण पीएच शिकवतो, तो जन्माने एका ब्रुअरीच्या प्रयोगशाळेतला आहे.

शुद्ध वाण जपून मागणाऱ्याला देण्याचे काम आपल्याकडेही चालते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि त्यात यीस्टचे अनेक वाण आहेत. महाराष्ट्रातले साखर कारखाने मळीपासून मद्यार्क करतात तेव्हा त्यांच्यापुढचे प्रश्न बिगोच्या प्रश्नांपेक्षा फारसे वेगळे नसतात. पिंप किती तापले, विरजण किती, दुसरे कोणी जीव शिरले का, यीस्टला साखरेखेरीज बाकीचे अन्न मिळाले का.

वर्गात काय करता येईल?

परवान्याशिवाय घरी बिअर करणे महाराष्ट्रात कायद्याने गुन्हा आहे आणि आपल्याला ती करायचीही नाही. पण 'आंबणे का अडते' हा प्रश्न पावाच्या यीस्टवर तासाभरात विचारता येतो. पाच सारख्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत तेवढेच कोमट पाणी, दोन चमचे साखर आणि एक चमचा कोरडी यीस्ट घालून तोंडाला फुगा लावा. पहिली तशीच ठेवा. दुसरी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तिसरीत यीस्ट आधी उकळून घाला. चौथीत दोन चमचे मीठ घाला. पाचवीत यीस्ट फक्त चिमूटभर टाका. दर दहा मिनिटांनी फुग्याचा घेर दोऱ्याने मोजून तक्ता करा. प्रयोग संपला की द्रावण ओतून द्या.

दुसरी आणि तिसरी बाटली दोन्ही गप्प बसतील. मग दोन्ही कोमट पाण्यात ठेवा. एक जागी होईल, दुसरी होणार नाही. झोपणे आणि मरणे यांतला फरक मुलांना इथे डोळ्यांनी दिसतो. पाचव्या बाटलीत फुगा उशिरा फुगेल. एखाद्या गटाचा कोणताच फुगा फुगला नाही तर 'तुमचे चुकले' असे म्हणण्याआधी फुग्याच्या तोंडाशी हवा निसटते आहे का ते पाहा. बुडबुडे दिसत नाहीत एवढ्यावरून आंबणे थांबले असे ठरवता येत नाही.

आणि पाण्याचे तापमान किती होते, यीस्टचे पाकीट किती जुने होते, यीस्ट किती घातली, हे त्या गटाला वहीत लिहायला सांगा. लीबिगच्या न आलेल्या फेसाला तीस वर्षांनी अर्थ मिळाला, तो कोणीतरी विरजण किती होते हे विचारले म्हणून. आपल्या वर्गातल्या न फुगलेल्या फुग्याची नोंदही फुगलेल्या फुग्याइतकीच नीट झाली पाहिजे.